मोठ्या गाडीतून दाखवलेला हात

आमच्या भावोजींना सगळे ब्रेकमास्तर म्हणतात. म्हणजे म्हणायचे. आता समोर कुणी म्हणत नाही.

हे नाव त्यांना शिकाऊ मुलांनी दिलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखालीही एक ब्रेक बसवलेला असतो. शिकणारा घाबरून नको ते दाबायला लागला, की शेजारी बसलेल्याने आपला ब्रेक दाबायचा आणि दोघांचे प्राण वाचवायचे. सगळं आयुष्य तो ब्रेक पायाखाली घेऊन काढल्यामुळे भावोजींच्या पायाला स्वतःची वेगळीच अक्कल आली होती. बसमध्ये बसले की पाय दाबला जायचा. टीव्हीवर गाड्यांचा पाठलाग सुरू झाला की खुर्चीत बसल्या बसल्या फरशी दाबायचे. ताई, म्हणजे माझी थोरली बहीण, सांगायची की झोपेतसुद्धा यांचा पाय चालू असतो आणि सकाळी चादर पायथ्याशी गोळा झालेली सापडते. "तुझा नवरा स्वप्नातही कुणाला तरी वाचवतोय," मी म्हणायचे. "मला वाचवत नाही एवढं खरं," ताई म्हणायची.

मी त्यांच्याच स्कूलच्या ऑफिसात बसते. ऑफिस म्हणजे एक खोली, त्यात फोन, टेबल, रहदारीच्या चिन्हांचा पिवळा पडलेला तक्ता आणि शिकाऊ लोकांसाठी लाकडी बाक. गाड्या दोन, दोन्ही लहान, दोन्ही म्हाताऱ्या. खिडकीच्या काचा हातांनी फिरवून खाली करायच्या. भावोजींच्या बाजूची काच तर थंडी असो नाहीतर ऊन, कायम खालीच असायची. मी स्वतः त्याच गाडीत शिकले आणि पहिल्याच दिवशी एका सायकलवाल्याला भोंगा वाजवला. भावोजींनी ब्रेक दाबून गाडी उभी केली आणि म्हणाले, "मेहुणीबाई, गाडी तुमची असेल, रस्ता तुमच्या बापाचा नाही." मी म्हटलं, "माझा बाप म्हणजे तुमचे सासरे, जरा जपून." ते हसले, पण त्या सायकलवाल्याची माफी मागितल्याशिवाय गाडी पुढे जाऊ दिली नाही.

असा हा माणूस. दुसऱ्याला आधी जाऊ देणं, हेच त्यांचं सगळं शिक्षण होतं. बाकी क्लच, गिअर, उलटी गाडी वगैरे कुणीही शिकवेल, असं त्यांचं म्हणणं.

पायी माणसाला रस्ता ओलांडू द्यायची त्यांची एक ठरलेली रीत होती. आधी थांबायचं. आरशात बघायचं. मग खिडकीतून हात बाहेर काढून तळवा मागच्यांना दाखवायचा, थांबा. मागचे थांबले, बाजूच्या रांगेतले थांबले, हे डोळ्यांनी पाहिलं, की मगच दुसऱ्या हाताने समोरच्याला बोलवायचं, या. "आधी बाहेरचा हात, मग आतला," हे वाक्य ते प्रत्येकाकडून मोठ्याने म्हणून घ्यायचे. काही मुलं त्यांची नक्कल करायची, एका हाताने थांबा आणि दुसऱ्या हाताने या, नाटकातल्यासारखी. पण त्यांच्या लहानशा गाडीवरून पलीकडचं सगळं दिसायचं, आणि तो बाहेर आलेला हात सगळ्यांच्या ओळखीचा होता. इतक्या वर्षांत त्या हाताच्या भरवशावर कितीतरी म्हातारी माणसं, बाळं कडेवर घेतलेल्या बायका, दप्तरवाली पोरं पलीकडे गेली. कुणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

मग घरात ती मोठी गाडी आली.

गाडी घेतली भाचीने, भावोजींच्या एकुलत्या एक मुलीने. ती, जावई आणि नात ताईकडेच राहतात. चारही चाकांना जोर असलेली, काळी, उंच, चढायला बाजूला पायरी, आणि पुढचं बॉनेट माझ्या खांद्याला लागेल एवढं. मी पहिल्याच दिवशी तिचं नाव रणगाडा ठेवलं. जावई बांधकामाच्या कामावर महिन्यातले निम्मे दिवस बाहेरगावी असतात, म्हणून म्हणे डोंगरातल्या रस्त्यांना अशी गाडी लागते. पण डोंगरात न्यायला कंपनीची गाडी होती. रणगाडा फिरायचा तो शाळा, भाजी आणि केस कापायचं दुकान एवढ्यातच.

मी चेष्टा करते खरी, पण भाचीचं दुखणं मला माहीत होतं. आधीच्या वर्षी ती आपल्या लहान गाडीत सिग्नलला उभी असताना मागून ट्रक येऊन धडकला होता. तिला फारसं लागलं नाही. पण मागची सीट पुढच्या सीटला येऊन चिकटली होती, आणि त्या मागच्या सीटवर बाळाची खुर्ची पट्ट्यांनी बांधलेली होती. रिकामी. त्या दिवशी नातीला थोडा ताप होता म्हणून तिला घरी ताईपाशी ठेवलं होतं, एवढंच. भाचीने ती दबलेली खुर्ची पाहिली आणि त्यानंतर लहान गाडीत पाऊल ठेवलं नाही.

त्यावरून बापलेकीची जुंपायची. बहुतेक जेवताना.

"माझ्या पोरीला मी पत्र्याच्या डब्यात बसवणार नाही," भाची म्हणायची. "तुम्ही काहीही म्हणा, बाबा."

"तुझी पोर वाचेल गं. तू ज्याच्यावर आदळशील त्याच्या पोरीचं काय?"

"मी आदळणार नाही. तुम्हीच शिकवलंय मला."

"तुझ्या बॉनेटपुढे उभं असलेलं पोर तुला दिसतं तरी का?"

"कॅमेरा आहे."

"कॅमेरा आहे म्हणे! मान नाही का तुला?"

"सगळेच मोठ्या गाड्या घेतायत. मी एकटीने लहान गाडीत बसून मरायचं का, तुमच्या तत्त्वासाठी?"

यावर भावोजी ताटातली पोळी चिंध्या होईपर्यंत फाडायचे. ताई म्हणायची, आधी जेवा, मग भांडा. नात टेबलाखालून दोघांचे पाय मोजायची.

घरात जे बोलता येत नव्हतं ते भावोजी वर्गात काढायला लागले. बाकावर बसलेल्या शिकाऊ लोकांना ते रहदारीची चिन्हं समजावता समजावता मध्येच मोठ्या गाड्यांवर घसरायचे. मी टेबलामागून ऐकायचे. "एक लक्षात ठेवा," ते सांगायचे. "असली धूड गाडी रस्त्यात मध्येच उभी दिसली, तर ती कुणासाठी थांबलेली नाही. असल्या गाड्या कुणासाठी थांबत नाहीत. आत कुणीतरी फोनवर बोलतंय, नाहीतर पोराचा डबा शोधतंय. भोंगा वाजवू नका, डोकं फिरवून घेऊ नका. शांतपणे बाजूने निघून जा." मुलं खो खो हसायची. मीसुद्धा हसायचे. गमतीचं होतं, आणि बऱ्याच अंशी खरंही होतं.

त्या वर्गात औषधाच्या दुकानात काम करणारी एक मुलगी होती. बारीक, चष्मा लावणारी, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारणारी. परीक्षेत पहिल्या फटक्यात पास झाली तेव्हा पेढ्यांऐवजी आम्हाला सगळ्यांना खोकल्याच्या गोळ्या वाटल्या होत्या. "दुकानात तेवढंच होतं, मास्तर." भावोजींची ती लाडकी.

भाचीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं त्या आठवड्यात जावई नेमके बाहेर होते. तिला घरी सोडायचं ठरलं त्या सकाळी आमची एक गाडी गॅरेजमध्ये, दुसरी परीक्षेच्या मैदानावर. रिक्षाने आणू म्हटलं तर भाचीचा फोन, "बाबा, टाके दुखतायत. आपलीच गाडी आणा ना. मला मागे आडवं होता येईल." आजारी मुलीला नाही कोण म्हणणार? भावोजींनी रणगाड्याची किल्ली खुंटीवरून दोन बोटांत धरून काढली, मेलेला उंदीर शेपटीने उचलावा तशी. मी सोबत निघाले.

खाली पहारेकरी उभा होता. पायरीवर पाय ठेवून वर चढणाऱ्या भावोजींना बघून तो म्हणाला, "काय मास्तर, आज एवढ्या उंचावर?" तो आपला सहज बोलला. पण भावोजींचे कान लाल झाले. आत बसल्यावर त्यांनी सीट पुढे केली, मागे केली, आरसे जुळवले, सगळं रीतसर. काचा काळ्या होत्या आणि बंद होत्या. आत रस्त्याचा आवाजच येत नव्हता. "विहिरीत बसल्यासारखं वाटतंय," ते म्हणाले.

वाटेत दोन शिकाऊ मुलं दिसली. त्यांनी हात केला नाही, कारण आत कोण आहे ते त्यांना दिसलंच नाही. उलट एकाने गाडीकडे बघून तोंड वाकडं केलं. भावोजी मला म्हणाले, "माझंच पोरगं ते. मीच शिकवलंय तोंड वाकडं करायला." मी हसले. ते हसले नाहीत.

शाळेच्या पुढे रस्ता रुंद होतो, जायच्या दोन रांगा, यायच्या दोन रांगा. तिथे पांढरे पट्टे आहेत, सिग्नल नाही. पट्ट्यांच्या तोंडाशी एक बाई उभी होती. ठेंगणी, मध्यम वयाची, खांद्याला हिरवी कापडी पिशवी. तिने एक पाय रस्त्यावर टाकला होता. आमची गाडी पाहिली आणि तिने तो पाय मागे घेतला. नुसता मागे घेतला नाही, चांगली दोन पावलं मागे सरकली आणि पिशवी छातीशी धरली.

भावोजींना ते झोंबलं. आयुष्यात त्यांच्या गाडीला घाबरून कुणी मागे सरकलं नव्हतं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मला घाबरली ती."

त्यांनी गाडी थांबवली, अगदी पट्ट्यांच्या अलीकडे, हळुवार. आणि लगेच डावा हात समोरच्या काचेशी नेऊन तिला बोलावलं. या, या. चेहरा पुढे केला, हसले, काळ्या काचेतून तिला आपण दिसावं म्हणून. मी शेजारीच होते, मी त्यांचा चेहरा पाहिला. लहान मुलाने रुसलेल्याची समजूत काढावी तसा चेहरा होता तो. मी त्यातला नाही हो, असं सांगणारा.

आतला हात आधी गेला होता.

हे त्यांच्या क्षणात लक्षात आलं असणार, कारण दुसरा हात काच खाली करायला दाराकडे गेला. तिथे फिरवायची मूठ नव्हती. बटणं होती. त्यांनी एक दाबलं तर मागची काच खाली गेली. दुसरं दाबलं तर काहीच झालं नाही. तोपर्यंत ती बाई निघाली होती. तिने मान लववली, हसली, आणि आपल्यामुळे गाडी खोळंबली म्हणून लगबगीने, जवळजवळ पळतच गाडीपुढून जाऊ लागली. बॉनेटपलीकडे मला फक्त तिचे केस दिसत होते, आणि मग तेही दिसेनासे झाले.

भावोजी आरशात बघत होते. बाजूच्या रांगेतून मागून एक लहान पांढरी गाडी येत होती, फार जोरात नाही, शांतपणे, थांबलेल्या मोठ्या गाडीला बाजूने ओलांडून निघून जावं तशी. भावोजींचा पाय ब्रेकवर गेला. गाडी उभीच होती आमची, तरी ते ब्रेक दाबत राहिले, पुन्हा पुन्हा, सगळं अंग लावून. पण तो ब्रेक त्या पांढऱ्या गाडीचा नव्हता.

मागची काच उघडी होती म्हणून आवाज आत स्पष्ट आला. त्याबद्दल मी आणखी लिहिणार नाही.

पांढऱ्या गाडीतून उतरली ती औषधाच्या दुकानातली मुलगी. चष्मा हातात होता. तिने आधी त्या बाईकडे पाहिलं, मग आमच्या गाडीकडे, आणि पायरीवरून खाली उतरणाऱ्या माणसाकडे. आत भावोजी असतील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. ती पदपथाच्या कडेला बसली आणि एवढंच म्हणाली, "मास्तर, मला वाटलं कुणीतरी फोन घेतंय."

ती बाई दवाखान्यात पोचण्याआधीच गेली. शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, हे आम्हाला नंतर कळलं.

पोलिसांनी जबाबासाठी दुसऱ्या दिवशी बोलावलं. निघण्याआधी भाची पोटाला हात लावून, भिंतीला धरत बाहेरच्या खोलीत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"बाबा, तुम्ही पट्ट्यांपाशी थांबलात, एवढंच सांगा. ते काही खोटं नाही."

"अर्धं आहे," भावोजी म्हणाले.

"हात केलेला कुणी पाहिला नाही. काळ्या काचा आहेत. उगाच स्वतःहून कशाला..."

"त्या बाईने पाहिला ना."

भाची रडायला लागली. ताई तिच्या पाठीवरून हात फिरवत माझ्याकडे बघत होती, की तू तरी काही सांग. मी काय सांगणार? गप्प बसा म्हणावंसं मलाही वाटत होतं. आपल्या माणसाच्या वेळी सगळ्यांनाच तसं वाटतं. पण मी त्यांच्याबरोबर गेले आणि मला विचारलं तेव्हा जे पाहिलं तेच सांगितलं.

पोलीस ठाण्यातला साहेब चांगला होता, वाईट नव्हता. त्याच्या बायकोलाही भावोजींनीच गाडी शिकवली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं. आधी कुठला हात, मग कुठला, बटणं, काच, सगळं. मग पेन खाली ठेवलं.

"मास्तर, थांबणं गुन्हा नाही. हात करणं गुन्हा नाही. पट्ट्यांपाशी थांबलेल्या गाडीला ओलांडून जाणं गुन्हा आहे. मुलगी ओलांडून गेली."

"तसं जा म्हणून मीच शिकवलंय तिला."

"तसं कुणी शिकवतं का?"

"मी शिकवलं. गमतीत. मोठी गाडी थांबलेली दिसली की बाजूने निघून जा म्हणायचो. वर्गातल्या कुणालाही विचारा."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्याने पेन पुन्हा उचललं. मग म्हणाला, "लिहून घेतो. पण याने काही फरक पडणार नाही. घरी जा, झोपा जरा."

आणि खरंच फरक पडला नाही. मुलीचं लायसन्स गेलं, खटला उभा राहिला, दुकानातली नोकरी तिने स्वतःच सोडली. काउंटरवर येणारा प्रत्येक जण तिच्या हातांकडे बघायचा, ते तिला सहन होईना. भावोजी तिच्या घरी गेले होते. तिच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं, बसा म्हटलं, पण मुलगी आतून बाहेर आली नाही. ते परत आले आणि संध्याकाळभर कुणाशी बोलले नाहीत.

बोलत होते ते बाकीचे. लोकांना तर पर्वणीच. आमच्या इमारतीत ज्यांना मोठ्या गाड्या डोळ्यांत खुपायच्या ते म्हणायचे, बघा, असल्या गाडीआडून माणूस दिसत नाही, हे आम्ही कधीपासून सांगतोय. ज्यांच्याकडे मोठ्या गाड्या होत्या ते म्हणायचे, अहो, मारलं कुणी? लहान गाडीने! मोठी तर बिचारी थांबली होती. दोन्हीकडचे लोक जिन्यात भावोजींना गाठायचे आणि आपल्या बाजूने ओढायचे. गेलेल्या बाईचं नाव दोघांनाही माहीत नव्हतं. एका संध्याकाळी मी जिन्यातच एकाला सुनावलं की तुमचा वाद तुमच्या घरी घाला, इथे माणूस मेलंय. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

रणगाडा खाली झाकून ठेवला होता. भाचीला त्यात बसवत नव्हतं आणि लहान गाडीतही बसवत नव्हतं. नातीला ती पायी शाळेत नेऊ लागली, आणि ते पांढरे पट्टे लागू नयेत म्हणून लांबच्या रस्त्याने. एकदा जेवताना तीच म्हणाली, "मी ती विकते, बाबा. तुम्ही म्हणत होतात तेच खरं."

भावोजींनी मान हलवली. "गाडीचं राहू दे. लहान गाडीत असतो तर मी आधी मागच्यांना थांबवलं असतं. मला घाई कसली झाली होती? मी त्या लोकांतला नाही हे तिला दाखवायची. ती पलीकडे पोचते की नाही ते मी बघतच नव्हतो. तिला मी कसा दिसतो ते बघत होतो."

त्या दिवशी पहिल्यांदा बापलेक भांडले नाहीत आणि जेवण कुणालाच गेलं नाही.

शिकवणं त्यांनी थांबवलं. शेजारच्या स्कूलमधल्या एकाला आमच्या गाड्या चालवायला दिल्या. ते ऑफिसात येऊन बाकावर बसायचे, शिकाऊ लोकांसारखे, भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत. ताईने एकदा मला बाजूला घेऊन सांगितलं की आता यांचा पाय हलत नाही. सकाळी चादर जशी अंथरली तशी असते. हे सांगताना तिला रडू आलं.

मग एका रविवारी दुपारी दारावर टकटक झाली. मी तेव्हा ताईकडेच होते. दारात एक माणूस, साधारण भावोजींच्याच वयाचा, धुतलेला शर्ट, पण नखांत आणि मनगटांवर पांढऱ्या रंगाचे ठिपके. घरं रंगवणारा. त्याने सांगितलं, मी त्या बाईचा नवरा.

ताईने खुर्ची पुढे ओढली. भावोजी उभे राहिले. त्या माणसाने चपला बाहेर काढल्या, आत आला, खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. भाची आतल्या दारात येऊन उभी राहिली.

"मी आधीच येणार होतो," तो म्हणाला. "कामं हातात घेतलेली, ती पुरी करायची होती. तुमचे आभार मानायचे होते."

कुणालाच काही कळेना.

"शाळेतल्या लोकांनी सांगितलं, मोठ्या गाडीवाला थांबला होता म्हणून. म्हटलं, जाऊन भेटावं. तिच्यासाठी कुणीतरी थांबलं होतं, एवढं तरी. तेवढंच डोक्यात धरून झोपतो मी."

मी भावोजींकडे पाहिलं. भाचीने पाहिलं. तिच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, बाबा, आता नको. या माणसासाठी तरी नको. पोलिसांना सांगून झालंय, आता कुणाला सांगायचं राहिलंय? आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही तेच वाटलं. एवढी एकच गोष्ट उशाशी घेऊन तो माणूस झोपत होता, ती काढून घ्यायची काय गरज होती?

भावोजी खाली बसले. "मी नुसता थांबलो नाही," ते म्हणाले. "मी त्यांना बोलावलं. मागून कोण येतंय ते बघायच्या आधी हात केला. त्या निघाल्या त्या माझ्या हातावर विश्वास ठेवून."

तो माणूस त्यांच्याकडे बघत राहिला. आम्ही वाट बघत होतो की आता हा ओरडेल, उठेल, काहीतरी फेकेल. त्याने तसं काही केलं नाही. आपल्या मनगटावरचा रंगाचा एक ठिपका नखाने खरवडत बसला. मग त्याने विचारलं, "कसा केला होतात हात?"

भावोजींना कळलं नाही.

"दाखवा ना. कसा केला होतात?"

भावोजींनी हात वर उचलला आणि तसाच केला. या, या. त्या बंद खोलीत, रविवारच्या दुपारी, समोर कुणी नसताना.

"हसली का ती?"

"हसल्या. मान लववली."

"आणि मग?"

"मग पळत निघाल्या. चालत नाही, पळत."

तो माणूस पहिल्यांदाच हसल्यासारखा झाला. "पळणारच. आपल्यासाठी कुणी खोळंबलंय म्हटलं की तिचा जीव अर्धा व्हायचा. दुकानात सुटे पैसे शोधायला वेळ लागला तरी मागच्या माणसाची माफी मागायची." मग त्याचं हसू गेलं. त्याने खाली फरशीकडे पाहिलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुम्ही थांबला नसतात ना, तर ती उभी राहिली असती तिथेच. सगळ्या गाड्या जाईपर्यंत. तिला सवय होती."

तो उठला. ताईने पाणी आणलं होतं, ते त्याने उभ्यानेच प्यायलं, पेला टेबलावर ठेवला आणि दारात जाऊन चपलांत पाय घातले. जिन्यात त्याची पावलं खालपर्यंत ऐकू आली.

भावोजींचा हात अजून वरच होता. ताईने तो दोन्ही हातांनी धरला आणि खाली आणला.